प्रवरेचा कालवा आणि बेलापूरचा ऊस

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील बेलापूर हे प्रवरेकाठचे गाव पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येत असल्याने, कालव्यांपूर्वी या परिसरातील शेतीचा भर ज्वारी-बाजरीवर होता; ऊस विहिरीच्या मोटेने भिजेल तेवढाच लावला जाई आणि त्याचा रस गुऱ्हाळातील काहिलीत आटवून गूळ केला जाई. 1910 मध्ये सुरू होऊन 1926 मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाने ही घडी बदलली. धरणातून सोडलेले पाणी ओझरच्या बंधाऱ्यापासून दोन्ही तीरांवरील कालव्यांत वळवण्यात आले, आणि त्याच्या भरवशावर 1919 मध्ये स्थापन झालेल्या बेलापूर कंपनीने हरिगाव येथे साखर कारखाना उभारून, उसासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने, म्हणजे ठरावीक वार्षिक मोबदल्यावर, कसायला घेतल्या.

या कालव्याच्या पाण्याचा वापर ऊस कसा करतो, हे त्याच्या पानातून कळते. ऊस ‘सॅकरम’ या प्रजातीतील असून, तिचे प्रकाशसंश्लेषण गहू, भात किंवा हरभऱ्यापेक्षा वेगळे आहे. तिच्या पानात प्रत्येक शिरेभोवती हरितकणांनी भरलेल्या मोठ्या पेशींचे कडे असते. बाहेरच्या पेशी हवेतील कार्बन डायऑक्साइड पकडून त्यापासून चार कार्बन अणूंचे आम्ल बनवतात आणि ते आतल्या कड्याकडे पाठवतात, जिथे तो वायू पुन्हा मोकळा होऊन दाट साठतो व त्याची साखर होते. यालाच ‘सी-4’ मार्ग म्हणतात. हवाई बेटांवरील ह्यूगो कॉर्टशाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 मध्ये, तर ऑस्ट्रेलियातील हॅच व स्लॅक यांनी 1966 पासून त्याची उकल मांडली, आणि दोन्ही संशोधने ऊस-उद्योगाच्याच प्रयोगशाळांत झाली.

या रचनेमुळे कडक उन्हातही पर्णरंध्रे फारशी न उघडता पानाचे काम चालते, म्हणून एक किलो शुष्क पदार्थ तयार करायला उसाला गव्हापेक्षा कमी पाणी लागते. तरीही तो पाणीखाऊ ठरला, कारण पावसाळ्यात लावलेला आडसाली ऊस तोडणीपर्यंत सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो आणि त्याला एकामागून एक उन्हाळी पाळ्या द्याव्या लागतात. म्हणजे पानाच्या काटकसरीने पाण्याचा प्रश्न सुटला नाही. तो कालव्याने सोडवला, आणि कालव्याखालची जमीन मोलाची होताच तिच्या मालकीचा प्रश्न उभा राहिला.

1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर कारखान्यांच्या ताब्यातील जमिनी सरकारकडे गेल्या आणि पुढे त्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ कसू लागले. त्यामुळे ज्यांनी त्या खंडाने दिल्या होत्या, त्या ‘खंडकरी’ शेतकऱ्यांच्या कुटुंबांना त्या परत मिळवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या लढावे लागले.