लॉसलेस ऑडिओ: फरक कानाला कळतो की मनाला?

लॉसलेस प्लॅन घेतला आणि गाणी एकदम ‘क्लिअर’ वाटायला लागली. निदान मला तरी. दोन आठवड्यांनी सेटिंग उघडली, तर क्वालिटी अजून ‘नॉर्मल’वरच होती! मग मला ऐकू येत होतं ते काय?

फाइलमधला फरक

सीडीवर प्रत्येक सेकंदाच्या आवाजाची ४४,१०० सॅम्पल्स असतात, प्रत्येक १६ बिटचं. डावा-उजवा चॅनल धरून सेकंदाला साधारण १,४११ किलोबिट होतात. फ्लॅकसारखी लॉसलेस फाइल हा डेटा झिपसारखा दाबून ठेवते. उघडल्यावर एकही बिट बदललेला नसतो.

एमपी३ मात्र काही माहिती कायमची काढून टाकते. ढोल-ताशा वाजत असताना शेजारच्याची कुजबुज ऐकू येत नाही ना? याला मास्किंग म्हणतात. असे झाकले जाणारे आवाज शोधून एमपी३ तिथला डेटा वाचवते. म्हणूनच ३२० केबीपीएसच्या फाइलमध्ये सीडीच्या पाव हिश्श्याहून कमी डेटा असूनही फरक ओळखणं अवघड जातं. १२८ केबीपीएसला मात्र झांजा आणि टाळ्यांचा आवाज बिघडलेला जाणवू शकतो.

कान फसतो कुठे?

पहिलं कारण अपेक्षा. पैसे मोजलेत म्हटल्यावर मन फरक शोधतंच. दुसरं कारण व्हॉल्यूम. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की हळू आवाजात आपल्याला बेस कमी ऐकू येतो. त्यामुळे जरासा मोठा आवाज ‘मोठा’ न वाटता ‘भरदार’, म्हणजेच ‘चांगला’ वाटतो.

घरच्या घरी टेस्ट

१. एकाच लॉसलेस फाइलपासून ३२० केबीपीएसची एमपी३ बनवा. वेगवेगळ्या ठिकाणची गाणी घेऊ नका, मास्टरिंग वेगळं असू शकतं.
२. दोन्हींचा व्हॉल्यूम सारखा ठेवा आणि वायरचे हेडफोन वापरा. ब्लूटूथवर एसबीसी किंवा एएसी असेल, तर लॉसलेस गाणंही वाटेत पुन्हा कॉम्प्रेस होतं.
३. मित्राला नाणं उडवून, तुम्हाला स्क्रीन न दाखवता, एक फाइल लावायला सांगा. तुम्ही फक्त ओळखा. असं १६ वेळा करा.

नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता साधारण ४ टक्के असते. तेवढे आले, तर तुम्हाला खरंच फरक कळतोय असं मानायला हरकत नाही. आठ-नऊच आले, तर प्लॅनचे पैसे चांगल्या हेडफोनसाठी ठेवा. दोन हेडफोनमधला फरक सहज ऐकू येतो.

मग आवडीचं काय?

कुणाला दणदणीत बेस आवडतो, कुणाला मोकळा गळा. त्यात चूक-बरोबर काही नाही. पण ‘मला हे आवडतं’ आणि ‘या दोन फाइल वेगळ्या ऐकू येतात’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्याला पुरावा लागत नाही. दुसऱ्यासाठी पैसे भरण्याआधी एकदा नाणं उडवून बघा.