जुन्या मोटारीचा विमा

नरडाणा हे मुंबई-आग्रा रस्त्यावरचं गाव. तिथं मोटारीचं नवल ते काय! पण आजोबांच्या वेळची गाडी कुणी जपली असेल, तर त्यानं एवढं ऐकावं. वाटसरूला भरपाई मिळावी म्हणून १९३९ च्या मोटार कायद्यानं विमा सक्तीचा केला. सक्ती अमलात आली १९४६ मध्ये. हा विमा परक्यासाठी. आपल्या गाडीचा विमा वेगळा, आणि खुशीचा. त्यात गाडीची किंमत घसाऱ्यानं दरसाल उतरते. पाच वर्षांनंतर मात्र ती कंपनीनं आणि मालकानं मिळून ठरवायची असते. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू केली. तिलाही विमा लागतोच. तेव्हा जाणत्याकडून मोल करवा, आकडा पॉलिसीत लिहून घ्या. गाडी जळाल्यावर घासाघीस करून हाती काय लागणार?