उद्भासन नियंत्रण, कॅमेऱ्यातील
फिल्मवर किंवा इलेक्ट्रॉनीय संवेदकावर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता व तो पडण्याचा काळ यांच्या गुणाकारास उद्भासन म्हणतात. तीव्रता भिंगाच्या रंध्रावर, तर काळ झडपेच्या वेगावर अवलंबून असतो. एफ/८ व १/१२५ सेकंद आणि एफ/५·६ व १/२५० सेकंद या दोन्ही जोड्यांनी उद्भासन जवळजवळ सारखेच होते. चित्र मात्र सारखे येत नाही. मोठ्या रंध्रामुळे पार्श्वभूमी अस्पष्ट होते, तर वेगवान झडपेमुळे हलती वस्तू स्थिर उमटते. नियंत्रण हाताने करावे की यंत्रावर सोपवावे, हा वाद मुख्यतः या निवडीसंबंधीचा आहे.

सिलिनियम घटाचे प्रकाशमापक १९३० नंतर प्रचारात आले. तोपर्यंत छायाचित्रकारास बहुधा अनुभव व छापील तक्ते यांवर विसंबावे लागे. स्वयंनियंत्रित कॅमेऱ्याचे एक अमेरिकन पेटंट १९३६ मध्ये अ‍ॅल्बर्ट आइन्स्टाइन व त्यांचे स्नेही वैद्य गुस्टाव्ह बकी यांना मिळाले, ही गोष्ट सहसा ठाऊक नसते. प्रत्यक्ष बाजारात आलेला पहिला असा कॅमेरा म्हणजे कोडॅकचा सुपर सिक्स-२० (१९३८). त्यात झडपेचा वेग छायाचित्रकार ठरवी. कळ दाबताच प्रकाशमापकाचा काटा जागीच पकडला जाई व त्याच्या स्थितीनुसार रंध्र कमीजास्त होई. किंमत २२५ डॉलर असल्याने तो थोड्यांनीच घेतला. रंध्र व झडप दोन्ही आपोआप ठरविणारा अ‍ॅगफा ऑप्टिमा १९५९ मध्ये आला. कॅनन एई-१ (१९७६) मध्ये सूक्ष्मप्रक्रियक वापरला गेला. त्याच वर्षी निघालेला पेंटॅक्स के १००० मात्र पूर्णपणे हाताने चालविण्याचा होता. त्याची बॅटरी केवळ प्रकाशमापकासाठी असे. विद्यार्थ्यांच्या पसंतीमुळे तो १९९७ पर्यंत तयार होत राहिला.

परावर्तित प्रकाश मोजणारा साधा मापक समोरचे दृश्य सरासरी करड्या छटेचे आहे, असे धरून चालतो. त्यामुळे बर्फ मळकट दिसते, काळी म्हैस राखी रंगाची उमटते आणि खिडकीपुढे बसलेल्या माणसाचा चेहरा काळवंडतो. मापक येथे बिघडलेला नसतो. त्याला विचारलेला प्रश्नच अपुरा असतो. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स व फ्रेड आर्चर यांनी १९३९-४० च्या सुमारास मांडलेल्या पट्टा पद्धतीत दृश्याचा एकेक भाग स्वतंत्रपणे मोजून तो चित्रात किती उजळ वा गडद असावा, हे छायाचित्रकारच ठरवितो. निकॉन एफए (१९८३) या कॅमेऱ्याने चौकटीचे पाच भाग पाडून त्यांची तुलना करण्याचे काम यंत्राकडे दिले. नित्याच्या दृश्यांत ही पद्धत खरोखरच उपयुक्त ठरली. परंतु चेहरा महत्त्वाचा की त्यामागील आकाश, हा निर्णय त्या तुलनेतून निघत नाही.

अंकीय कॅमेऱ्यात चित्र तत्काळ पाहता येत असल्याने चुकीची किंमत कमी झाली. तथापि संवेदकावर एखादा भाग पूर्ण पांढरा नोंदला गेल्यास तेथील तपशील नंतर परत मिळविता येत नाही. म्हणून बहुतेक स्वयंचलित कॅमेऱ्यांतही उद्भासन हाताने कमीजास्त करण्याची सोय ठेवलेली असते.