झडीतली नागद्वारी

आषाढ सरत आला की नागपुरातल्या वस्त्यावस्त्यांतून गाड्या सातपुड्याकडे निघतात. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली आणि मग पचमढीचा घाट. धूपगडाच्या वाटेवर जलगलीपाशी गाडी सोडायची आणि पायी जंगलात उतरायचं. काजरी गाव मागे टाकून पद्मशेषाच्या गुहेत नागदेवतेपुढे डोकं टेकवायचं. ही नागद्वारीची यात्रा. ती नागपंचमीला संपते, म्हणजे ऐन झडीत.

पचमढीचा छापील इतिहास मात्र उन्हाळ्याचा आहे. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला, नागपूर राजधानी झालं. पुढच्याच वर्षी प्रांताचा मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल याने कॅप्टन जेम्स फॉरसिथला या डोंगरांत धाडलं आणि पठारावर बायसन लॉज उभा राहिला. नागपूरचं ऊन साहेबांना सोसवेना, म्हणून पुढे प्रांताचा कारभार उन्हाळ्यात पचमढीला हलू लागला. फॉरसिथने पचमढी ‘शोधली’ असं आजही सर्रास सांगतात. हे पटत नाही. १८७१ साली निघालेल्या त्याच्याच पुस्तकात महादेवाच्या डोंगरातल्या यात्रेचं आणि त्या यात्रेत फुटलेल्या पटकीचं वर्णन आहे. कोरकू आणि गोंड तर तिथलेच. वाटा होत्या, माणसं होती, देवही होता.

आणि पाऊस होता. नागपूरच्या जवळजवळ दुप्पट पाऊस पचमढीवर कोसळतो. इथला खडक वालुकाश्म; पाण्याने तो कोरला जातो आणि उभ्या कड्यांच्या खोल दऱ्या तयार होतात. पावसाळ्यात त्या खडकावर शेवाळ धरतं, ओढे वाटेवरून वाहतात, १,३५० मीटर उंचीचा धूपगड ढगात बुडतो आणि दोन हातांवरचा माणूस दिसेनासा होतो. कड्यांवर लोखंडी शिड्या लावलेल्या असतात. ओल्या शिडीवर म्हातारी माणसं, कडेवर पोर घेतलेल्या बाया, खांद्यावर बोचकं घेतलेले तरुण एकामागे एक चढतात. वरचा ‘हर हर महादेव’ म्हणतो, खालून तोच गजर परत येतो. धुक्यात पुढच्याचा पत्ता लागतो तो या आवाजानेच.

थकलेल्यांसाठी विदर्भातली सेवा मंडळं जंगलात तंबू ठोकतात. धान्य, भांडी, ताडपत्र्या, सगळं डोक्याखांद्यावरून आत न्यावं लागतं. भिजून गारठलेल्या अनोळखी माणसाला गरम जेवण वाढण्यासाठी एवढे कष्ट उपसणाऱ्यांची नोंद कुठल्या गॅझेटिअरात सापडायची?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, पचमढी मध्य प्रदेशात राहिली. नागपूरच्या सरकारचं उन्हाळी बिऱ्हाड तिथे जाण्याचं कारणच उरलं नाही. यात्रा मात्र चालू राहिली. परराज्यातल्या या रानात त्या दिवसांत पावलोपावली मराठी कानावर पडते.

आता हे रान सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतं. नागद्वारीची वाट वर्षातून दहाएक दिवसच उघडते. नागपंचमी उलटली की तंबू उतरतात, भांडी पुन्हा डोक्यावर चढतात आणि शेवटची माणसं त्याच निसरड्या वाटेने जलगलीकडे परततात.