गटारात उतरलेला कॅमेरा

रामाकोन्याहून नॅरोगेजच्या गाडीने सौंसरला जायचे ते बाजारासाठी. आणि घरात कुणाचे लग्न जुळवायचे असले की फोटोसाठी. स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा, त्यावर तलाव नि हंस, पुढे एक खुर्ची. त्या खुर्चीवर पाटील बसले, मास्तर बसले, नवरदेव बसले. आमची गल्ली झाडणारा बसलेला मी पाहिला नाही. तेव्हा त्याचे काही वाटलेही नाही, हे कबूल केले पाहिजे.

कॅमेरा कोणासमोर उभा राहतो, यालाही इतिहास आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे या विद्येतले आपले आरंभीचे जाणकार. पुढे १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ काढला. त्यात साध्या माणसांनाही जागा मिळाली, पण बहुधा नमुना म्हणून! चित्राखाली माणसाचे नाव नसे, जातीचे असे.

म्हणूनच सुधारक ओलवे यांचे काम मला मोलाचे वाटते. जन्म १९६६चा, अकोल्याचा. म्हणजे आपल्या वऱ्हाडातला माणूस. १९८८पासून ते मुंबईत वृत्तपत्र-छायाचित्रकार. मंत्री, सभा, अपघात हे तर पोटाचे काम. ते सांभाळून त्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. हे कामगार बहुतेक सारे दलित. छातीपर्यंत गटारात उतरलेला माणूस, कचऱ्याच्या ढिगात उघड्या हातांनी काम करणारी माणसे, आणि मग त्यांची घरे, त्यांची बायकामुले. चित्रे कृष्णधवल आहेत. रंग असते तर घाणच आधी दिसली असती आणि आपण मान फिरवली असती. इथे डोळे दिसतात. घरापर्यंत गेल्यामुळे तो माणूस कामाचा नमुना राहत नाही. कुणाचा तरी बाप होतो.

२००५ साली नॅशनल जिओग्राफिकच्या 'ऑल रोड्स' उपक्रमात त्यांची निवड झाली, २०१६ साली पद्मश्री मिळाली. 'इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस' हे पुस्तकही निघाले. मान झाला, ठीकच झाले. पण हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा कायदा १९९३चा, तो अपुरा पडला म्हणून दुसरा २०१३चा. आणि गटारात गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या त्यानंतरही येतच राहिल्या. प्रदर्शनात लोक छायाप्रकाशाची तारीफ करतात तेव्हा मला संकोच वाटतो. त्यात छायाचित्रकाराचा दोष नाही, पाहणाऱ्याचा आहे.

आमची नॅरोगेज २०१५ साली बंद पडली. आता खिशाखिशात कॅमेरा आहे. स्वच्छतेच्या कार्यक्रमात पाहुण्यांच्या हाती नवे झाडू देऊन फोटो काढतात. रोज झाडणारा तेवढा वेळ भिंतीशी उभा राहतो, पाहुणे गेले की पुन्हा कामाला लागतो.