शालेय विद्यार्थी पंच

शालेय विद्यार्थी पंच म्हणजे शाळेतील आंतरवर्गीय किंवा सरावाच्या सामन्यांत शिक्षकांच्या देखरेखीखाली पंच, गुणलेखक, वेळाधिकारी अथवा रेषापंच म्हणून काम करणारा विद्यार्थी होय. या कामातून विद्यार्थ्याला खेळाच्या नियमांचे ज्ञान मिळते. त्याचबरोबर समवयस्कांसमोर, मित्र आणि प्रतिस्पर्धी यांत भेद न करता, तत्काळ निर्णय देण्याचा अनुभवही मिळतो.

पार्श्वभूमी

इंग्लंडमधील आरंभीच्या फुटबॉलमध्ये खेळाडू व कर्णधार आपसांतच वाद मिटवत. पुढे प्रत्येक संघाचा एक पंच आला. त्या दोघांचे एकमत न झाल्यास वाद मैदानाबाहेरील तिसऱ्या व्यक्तीकडे सोपवला जाई. ही व्यक्ती म्हणजे 'रेफरी'. १८९१ मध्ये रेफरी मैदानात आला आणि आधीचे पंच रेषापंच झाले.

शालेय शारीरिक शिक्षणात विद्यार्थ्यांकडे पंचाचे काम पद्धतशीरपणे सोपवण्याचा विचार अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डॅरिल सिडेनटॉप यांनी 'क्रीडाशिक्षण' या प्रतिमानात मांडला. या विषयावरील त्यांचे पुस्तक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. या प्रतिमानात प्रत्येक विद्यार्थी खेळाडू असतोच. शिवाय तो पंच, गुणलेखक, प्रशिक्षक यांसारखी एखादी जबाबदारीही पार पाडतो. त्यामुळे खेळात मागे पडणाऱ्या मुलांनाही सामन्यात महत्त्वाचे स्थान मिळते.

प्रशिक्षणाचे टप्पे

पहिल्या टप्प्यात गुणलेखन आणि वेळनोंद शिकवली जाते. कबड्डीतील चढाई ३० सेकंदांची असते आणि लोणाचे दोन गुण मिळतात. घड्याळावर लक्ष ठेवणे व गुण अचूक मांडणे या कामांत मतभेदाला वाव कमी असल्याने नवशिक्याचा आत्मविश्वास वाढतो.

दुसऱ्या टप्प्यात रेषापंचाचे काम येते. येथे विद्यार्थ्याला एकाच गोष्टीकडे पाहायचे असते : खेळाडूचा पाय रेषेबाहेर गेला की नाही.

तिसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष पंचगिरी सुरू होते. खो-खो हे याचे चांगले उदाहरण आहे. या खेळात दोन पंच असतात व मध्यपाटीने विभागलेल्या मैदानाचा एकेक भाग त्यांच्याकडे असतो. आपल्या भागातील निर्णय प्रत्येकाने स्वतः द्यायचा असतो आणि सहकाऱ्याला साहाय्य करायचे असते. दोघांत मतभेद झाल्यास सरपंच निर्णय देतो. बसलेल्या खेळाडूला पाठीमागून हाताने स्पर्श करून मोठ्याने 'खो' दिला गेला का, खो मिळण्यापूर्वी तो उठला का, आक्रमकाने मध्यपाटी ओलांडली का, या गोष्टी क्षणार्धात टिपाव्या लागतात. म्हणून आरंभी सराव-सामन्यात एका पंचाने एकाच प्रकारच्या नियमभंगाकडे लक्ष द्यावे, अशी रीत उपयुक्त ठरते.

नियम पाठ असणे आणि निर्णय देता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिट्टी वेळेवर व स्पष्ट वाजवणे, हाताची खूण ठळकपणे करणे, योग्य जागी उभे राहणे ही कौशल्ये केवळ मैदानावरच येतात.

अडचणी

विद्यार्थी पंचापुढील मुख्य अडचण सामाजिक स्वरूपाची असते. ज्याला बाद द्यायचे तो अनेकदा वर्गमित्र असतो. निर्णयाची नाराजी सामना संपल्यावरही वर्गात टिकू शकते. वरच्या वर्गातील खेळाडूंचा दबाव, प्रेक्षकांचा आरडाओरडा आणि प्रसंगी मोठ्या माणसांनीच घातलेली हुज्जत यांमुळे मुले हे काम सोडून देण्याचा संभव असतो.

ही समस्या शाळेपुरती मर्यादित नाही. इंग्लंडमध्ये वयाच्या चौदाव्या वर्षापासून फुटबॉल पंच होता येते. तेथील स्थानिक सामन्यांत पंचांना होणारी शिवीगाळ व धमक्या रोखण्यासाठी २०२३ मध्ये काही प्रौढांच्या सामन्यांत पंचांच्या अंगावर कॅमेरे लावण्याचा प्रयोग सुरू करण्यात आला.

शिक्षकांची भूमिका

चुकीचा वाटणारा निर्णय शिक्षकाने सर्वांसमोर फिरवल्यास विद्यार्थी पंचाचा अधिकार त्याच क्षणी संपतो आणि पुढील प्रत्येक निर्णयावर खेळाडू शिक्षकांकडे पाहू लागतात. त्यामुळे खेळाडूंच्या सुरक्षिततेचा प्रश्न नसेल, तर सामना चालू असताना हस्तक्षेप टाळून नंतर पंचाशी स्वतंत्रपणे चर्चा करणे इष्ट ठरते. मात्र पंचाशी उद्धट वर्तन करणाऱ्यास शिक्षकाने तिथेच आवरणे आवश्यक असते. आरंभी स्वतःपेक्षा लहान वर्गांचे सामने देणे, दोघांची जोडी करणे आणि पंच व खेळाडू यांच्या भूमिका आलटून पालटून देणे हे उपायही उपयोगी पडतात. पंचगिरी केलेला खेळाडू पंचाची अडचण ओळखू लागतो.

पंचाविना खेळ

अल्टिमेट या तबकडीच्या खेळात सामान्यतः पंच नसतो. खेळाडू स्वतःच नियमभंग सांगतात आणि परस्पर चर्चेने निकाल ठरवतात. शाळेत अशा खेळाची जोड दिल्यास नियम पाळण्याची जबाबदारी केवळ शिट्टी वाजवणाऱ्याची नसून प्रत्येक खेळाडूची असते, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कळते.

हेही पाहा

खो-खो
कबड्डी
शारीरिक शिक्षण