तबकडीतला नाद आणि घरातली बैठक

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात एक तबकडी अशी आहे की, ती वाजविण्याची सुई तिच्याबरोबरच पाठविण्यात आली. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. प्रत्येक यानात सोन्याचा मुलामा दिलेली, १२ इंच व्यासाची तांब्याची ध्वनिमुद्रिका आहे, आणि तीत आपल्या फोंडा तालुक्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांनी गाइलेली ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. दुसरे उड्डाण ५ सप्टेंबरला झाले आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई निवर्तल्या. ही गोष्ट गोमंतकीयांस ठाऊक आहे. परंतु त्या मुद्रिकेच्या वेष्टनावर सुई कोठे टेकवावी व तबकडी किती वेगाने फिरवावी हे आकृत्या कोरून सांगितले आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तबकडी स्वतः बोलत नाही. ती बोलती करावी लागते, हे त्या शास्त्रज्ञांनी ओळखले होते. घरोघरी उत्तमोत्तम तबकड्या जमविणाऱ्या रसिकांस मात्र त्याचा वारंवार विसर पडतो.

तबकडीचा इतिहास म्हणजे एका उणिवेतून दुसऱ्या उणिवेकडे केलेला प्रवास होय. एडिसनने १८७७ मध्ये नळकांड्यावर आवाज पकडला, तर एमिल बर्लिनरने दहा वर्षांनी सपाट तबकडीची युक्ती काढली. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि गौहरजानचा आवाज त्याने मेणावर उतरविला. त्या काळी गायकास कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला आणि ती शिक्षा संपली. तथापि दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांत संपत असे. ज्या गायकीस एकेक राग तासभर उलगडावा लागतो, तिला एवढ्या अवकाशात बसणे किती अवघड गेले असेल! १९४८ मध्ये दीर्घकाल वाजणारी तबकडी आल्यावर एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वेळ मिळू लागला. पुढे १९८२ मध्ये सीडी आली. तीत सुई नाही, खरखर नाही. ध्वनी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून प्रत्येक मापाची नोंद ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर केलेली असते. मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपलीकडचे ऐकू येत नाही आणि तेवढ्यास ही मोजणी पुरते, असे तिच्या कर्त्यांचे म्हणणे होते.

तरीही समाधान झाले नाही. १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी आणि त्यामागोमाग २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ अशा दोन नव्या तबकड्या बाजारात उतरल्या. पहिलीत सेकंदाला २८,२२,४०० वेळा एकेरी नोंद होई, तर दुसरीत दोन ध्वनिक्षेपकांसाठी १,९२,००० पर्यंत मापे घेता येत व प्रत्येक माप एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक पायऱ्यांवर नोंदविता येई. शिवाय दोन्हींमध्ये श्रोत्याच्या सभोवार पाच-सहा ध्वनिक्षेपकांतून नाद आणण्याची सोय होती.

परंतु येथे व्यापाराची भीती आड आली. इतका निर्दोष नाद ग्राहकाच्या हाती अंकरूपाने दिला, तर त्याच्या तंतोतंत प्रती निघतील, या धास्तीने कंपन्यांनी त्यांस कुलुपे घातली. सुपर ऑडिओ सीडीचा नाद अंकरूपाने वाजवणाऱ्या यंत्राबाहेर येऊ दिला जात नसे, आणि डीव्हीडी-ऑडिओचा आला तर उतरत्या दर्जाचा येई. त्यामुळे ग्राहकास सहा स्वतंत्र तारा जोडून नाद ॲम्प्लिफायरपर्यंत न्यावा लागे. अनेक ॲम्प्लिफायर या मार्गाने आलेल्या नादावर काहीच संस्कार करीत नसत. खर्ज कोणत्या ध्वनिक्षेपकाने वाजवावा आणि कोणत्या ध्वनिक्षेपकाचे अंतर किती, हा सारा हिशेब बाजूस पडे. परिणामी, मोठ्या किमतीच्या तबकडीतला खर्ज लहान ध्वनिक्षेपकांत हरवे आणि साधी सीडीच भरदार वाटे. चोरास अडविण्यासाठी लावलेल्या कुलुपाने घरधन्यासच ओसरीवर बसविले! २००५ नंतर एचडीएमआयच्या एका तारेतून हा नाद नेण्याची सोय होऊ लागली, पण तोवर ग्राहकाचा उत्साह ओसरला होता. डीव्हीडी-ऑडिओ लवकरच मागे पडली. सुपर ऑडिओ सीडी निवडक संगीतासाठी आजही निघते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या तबकड्यांचा नाद साध्या सीडीहून खरोखर सरस आहे काय? वकिलीच्या व्यवसायात दाव्यापेक्षा पुराव्यास मान असतो, म्हणून पुरावाच पाहू. २००७ मध्ये मेयर व मोरन या अमेरिकन संशोधकांनी श्रोत्यांस न सांगता हा नाद सीडीच्या मापातून गाळून ऐकविला आणि फरक ओळखण्यास सांगितले. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडविले असते तरी साधारण तेवढेच आले असते. २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांतील साडेबारा हजारांहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या. तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले, आणि कान तयार केलेल्या श्रोत्यांत ते वाढले. म्हणजे फरक असलाच तर तो सूक्ष्म आहे. मात्र मेयर व मोरन यांनी आणखी एक साक्ष दिली आहे, ती महत्त्वाची होय. या तबकड्यांपैकी बहुतेक खरोखरच गोड वाटत, कारण त्या चोखंदळ श्रोत्यांसाठी निगुतीने तयार केल्या होत्या. सीडीप्रमाणे त्यांचा आवाज चढवून चेपलेला नव्हता. श्रेय अंकांचे कमी, हातांचे अधिक.

यावरून घरच्या श्रोत्याने काय घ्यावे? पहिली गोष्ट, आपण नेमके काय वाजवीत आहो याची खात्री करावी. सुपर ऑडिओ सीडीच्या पुष्कळ तबकड्यांत दोन थर असतात. साध्या यंत्रावर सीडीचाच थर वाजतो, आणि कित्येकदा योग्य यंत्रही तोच निवडून बसते. यंत्राच्या पडद्यावर कोणते नाव उमटते ते पाहावे. दुसरी गोष्ट, ध्वनिक्षेपकांची मांडणी. दोन ध्वनिक्षेपक व श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि बारीक स्वरांचा भाग कानाच्या उंचीवर यावा. आपल्याकडे गादीवर मांडी घालून ऐकण्याची रीत आहे, तेव्हा खुर्चीच्या उंचीचा हिशेब येथे चालत नाही; ध्वनिक्षेपक खाली घ्यावेत किंवा किंचित कलते ठेवावेत. तिसरी गोष्ट, लहान ध्वनिक्षेपक ‘लहान’ म्हणूनच यंत्रात नोंदवावेत, म्हणजे खर्ज त्यासाठी ठेवलेल्या स्वतंत्र ध्वनिक्षेपकाकडे जाईल. आणि दोन तबकड्यांची तुलना करताना दोहोंचा आवाज सारखा ठेवावा, कारण जे किंचित मोठे वाजते ते कानास हमखास चांगले वाटते.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे खोली. देवळाच्या सभामंडपात वाजणारे घुमट आणि उघड्या अंगणात वाजणारे घुमट यांतला भेद आपल्या वाचकांस सांगावयास नको. वाद्य तेच, वाजविणाराही तोच, पण भिंती निराळ्या. सेकंदाला ४० कंपनांच्या खर्जाची एक लहर सुमारे साडेआठ मीटर लांब असते. ती लहानशा दिवाणखान्यात मावत नाही आणि कोपऱ्यांत साठून गुरगुरते. म्हणून ध्वनिक्षेपक कोपऱ्यातून पुढे ओढावेत. गुळगुळीत फरशी व उघड्या भिंती वरच्या स्वरांस उसळवितात. त्यावर जाड सतरंजी, पडदे व पुस्तकांनी भरलेले कपाट हा उतारा आहे. शेकडो रुपयांच्या सतरंजीने जो गुण येतो तो हजारोंच्या तारेने येत नाही.

मग ही मोठमोठी मापे निरर्थकच का? तसेही नाही. त्यांचा खरा उपयोग ऐकण्याहून जतनात अधिक आहे. जुन्या लाखेच्या तबकड्या ठिसूळ असतात व प्रत्येक वादनाबरोबर झिजतात. त्यांची अंकरूप प्रत काढताना सेकंदाला ९६,००० मापे व २४ बिटांची नोंद ठेवावी, अशी ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. पुढे खरखर काढताना ही जादा नोंद कामी येते. भारतीय कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. त्याहून जुन्या मुद्रिकांची प्रत काढण्यास ध्वनिमुद्रणाच्या हक्काची आडकाठी उरत नाही. पदाचा कवी वा संगीतकार अलीकडचा असेल, तर त्याचा हक्क मात्र निराळा पाहावा.

गोव्यात, बेळगावात, इंदूर-ग्वाल्हेरकडे कित्येक घरांच्या माळ्यावर अशा तबकड्या अजूनही असतील. त्यांतल्या एखाद्या तीन मिनिटांत एक सबंध घराणे बोलत असते. नव्या तबकडीसाठी नवे यंत्र घेण्याआधी त्या जुन्या तबकड्या खाली उतरवाव्यात, मऊ फडक्याने पुसाव्यात, जाणत्याकडून त्यांची प्रत करून घ्यावी आणि मग नीट मांडलेल्या बैठकीत त्या शांतपणे ऐकाव्यात.